रद्द हातांची यादी

शिरोळकर बाईंचा घसा बसला होता. सकाळपासून बावीस फोन झाले होते.

कृत्रिम हाताची मुदत संपली की कंपनी त्याचं प्रमाणपत्र रद्द करी. तशा हातांची यादी बाई रोज सर्व्हरवर चढवत, आणि त्याच क्षणी ते हात लुळे पडत. म्हणून बाई आधी प्रत्येकाला फोन करून सांगत, "हातातलं खाली ठेवा." नियमात हे कुठेच नव्हतं.

आज मुख्यालयातून कुलथे साहेब आले होते. यापुढे यादी दर पाच मिनिटांनी आपोआप चढणार होती.

"सुटलात बाई," ती सोय सुरू करायच्या बटणाशी बोट नेत ते म्हणाले.

"एक नाव राहिलंय," म्हणत बाईंनी स्पीकरवर फोन लावला. "गेडाम, तुमचा हात बंद होणार आहे. कुठे आहात?"

"खांबावर, मॅडम. लाईनचं काम चाललंय."

"आधी खाली उतरा."

कुलथ्यांनी बोट मागे घेतलं. सात मिनिटं दोघंही फोनकडे बघत बसले.

"उतरलो," गेडाम धापा टाकत म्हणाला.

बाईंनी डोळे मिटले. कुलथ्यांनी खुर्ची ओढली.

"उद्या किती नावं आहेत?"

"एकतीस."

"निम्मी मला द्या."