पासोका खाल्लेला हात

"जरा मोठ्यानं सांगा, ऐकू येत नाहीये," हवाई सुंदरी म्हणाली.

ताइनाराने घसा साफ केला. आजवर हे सांगायचं काम आईचं होतं, आणि आज पहिल्यांदाच आई बरोबर नव्हती. "मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. दाणे खाल्लेला हात नुसता लागला तरी त्रास होतो. घसा सुजला तर श्वास बंद पडतो. इंजेक्शनं आहेत माझ्याजवळ, पण ती वेळ येऊ नये."

लगेच घोषणा झाली: विमानात कुणीही दाण्याचं काही खाऊ नये. जून महिना, संत जॉनचा सण नुकताच उरकलेला, आणि विमान निघालेलं काम्पिना ग्रांदेहून साओ पाउलोला. म्हणजे निम्म्या विमानाच्या खिशात पासोका असणार. भाजलेले दाणे, साखर आणि कसावाचं पीठ कुटून केलेली ही वडी सणाला नाही खायची तर कधी?

"दाणे नाही तर मग काय, खिडकी खायची?" मागून कुणीतरी म्हणालंच. पाच-सहा रांगा हसल्या. ताइनाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारचे म्हातारबाबा मात्र हसले नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी आपली सगळी हकिकत सांगून टाकली होती: नाव जेनिवाल, लेकीकडे बाळ बघायला निघालोय, विमानात पहिल्यांदाच. आता त्यांचा चेहरा पडला होता.

"पोरी, मी आत्ताच खाल्ल्या. विमानात चढताना. चार. रांगेतल्यांनाही वाटल्या, एकट्यानं कसं खायचं? पण ते बाटलीतलं जेल लावलंय हाताला."

"जेलनं जात नाही, काका."

विमान भरलेलं होतं, जागा बदलून मिळण्यासारखी नव्हती. तिने ओल्या टिश्यूंचं पाकीट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुसले, तोंड पुसलं, मिशा पुसल्या, तिने सांगितलं नव्हतं तरी शर्टाच्या गुंड्याही पुसल्या. मग दोन्ही हात काखेत घट्ट दाबले आणि तसेच बसून राहिले. कॉफी आली तरी हात बाहेर काढले नाहीत.

"काका, पुसलेत ना आता? आखडतील हात."

"आखडू देत. माझी नखं शेतकऱ्याची आहेत. आत काय काय दडलेलं असतं, मलाच ठाऊक नाही."

ताइनाराला हसू आलं. तिची एवढी काळजी आईशिवाय कुणी घेतली नव्हती.

साओ पाउलो जवळ आलं तशी ढगांत गचके बसू लागले. एका गचक्याला विमान धप्पकन खाली आलं आणि कुणीतरी किंचाळलं. जेनिवालनी डोळे मिटले. ओठ संताचं नाव पुटपुटत होते. एकदा हात आपसूक सुटून दोघांच्या खुर्च्यांमधल्या दांड्याकडे गेला. तिथे तिचं कोपर होतं. त्यांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला आणि पुन्हा काखेत कोंबला.

तिने ते पाहिलं. अनोळखी माणसाचा हात तिने जन्मात कधी हातात घेतला नव्हता. शाळेत फेर धरतानासुद्धा ती बाहेर उभी राहायची.

"काका, हात द्या इकडे."

"नको, पोरी. नखं..."

"द्या म्हणते ना!"

तिने नवा टिश्यू काढला. एकेक बोट पुसलं, एकेक नख कोरलं, वापरलेला टिश्यू उलटीच्या पिशवीत टाकला. मग आणखी एक टिश्यू त्यांच्या तळव्यावर पसरून तिने त्यावर आपला हात ठेवला आणि घट्ट धरला. चाकं जमिनीला लागेपर्यंत तिने त्यांचा हात सोडला नाही.

विमान थांबलं, तोच आईचा फोन.

"पोचलीस? बरी आहेस ना? जवळ कुणी दाणे खाल्लेलं नव्हतं ना?"

"होतं," ताइनारा म्हणाली. "त्यांचाच हात धरून आले."