एकच दोर

नेतृत्व शिकवणाऱ्या मॅडमनी एमबीएच्या मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि सगळ्यांच्या हातात एकच दोर दिला. “न बघता याचा गोल करा.” मग एका अबोल मुलीच्या कानाशी वाकल्या. “बाई गं, वर्षभर मिठाची गुळणी धरलीस. आज पुढाकार घे, नाहीतर नापास करीन.” गंमत म्हणून मॅडमनी स्वतःच्याही डोळ्यांवर रुमाल बांधला. अंधारात वीस भावी साहेब ओरडू लागले. “डावीकडे!” “अरे, तुझी डावी की माझी?” दोराचा गुंता झाला. तेवढ्यात कुणीतरी गुणगुणू लागलं, बाळाला निजवताना गुणगुणतात तसं. एकेक साहेब गप्प झाला. पावलं झोपेत चालल्यासारखी त्या सुराभोवती फिरू लागली. पट्ट्या सुटल्या तेव्हा गोल झाला होता. मधोमध ती मुलगी उभी होती. “मॅडम, मी बोललेच नाही. नापास ना?” मॅडमनी खाली पाहिलं. दोर त्यांच्याही मुठीत होता.