वहीतलं ‘हळू’

मोटार-रॅलीत उतरल्यापासून सोळाव्या वर्षी तार्मो जगज्जेता झाला, तेव्हा मी फिनलंडातल्या माझ्या स्वयंपाकघरात एकटाच टीव्हीसमोर बसलो होतो. त्यातली चौदा वर्षं गाडीत त्याच्या शेजारी बसून मीच वळणं वाचून दाखवली. सरावाला वळणं तो सांगायचा, मी वहीत लिहायचो. शेवटच्या टेकाडाला आता माझ्या जागेवर बसणारी सान्ना ओरडली, “दाब!” गाडी हवेत झेपावली. माझ्या वहीत तिथे ‘हळू’ होतं. तार्मोने ते कधी सांगितलंच नव्हतं. एकदा तिथे गाडी झाडावर आदळल्यावर भीतीपोटी मीच घुसडलेलं. शर्यत संपल्यावर थोड्याच वेळात त्याचाच फोन आला. “जिंकलो रे म्हाताऱ्या! तुझ्यासोबत हेच विजेतेपद दोन सेकंदांनी हुकलं होतं, आठवतंय?” मला राहवेना. “ते ‘हळू’ माझं होतं, तार्मो.” “माहितीये की,” तो हसला. “म्हणून तर तुला गाडीतून उतरवलं. तुझ्या पाठदुखीचं नुसतं निमित्त होतं.” फोन खिशात कोंबून तो सान्नासोबत गाडीच्या टपावर चढताना टीव्हीवर दिसला.