भिंत ओली आहे तोवर

भिंत ओली होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

दिपाली मॅडम फाटकातच थांबल्या. शाळेच्या अंगणातल्या त्या लांबलचक, लाल मातीच्या भिंतीवर पोरांनी आठवडाभर खडूनं चित्रं काढली होती. आज नुसते रंग भरायचे होते. आता वरपासून खालपर्यंत एकसारखा मळकट लेप, आणि त्याच्यापुढं चौथीतल्या सलोनीची आई, मैनाबाई. पदर खोचलेला, कोपरापर्यंत माती.

"झालं मॅडम," ती म्हणाली. "चिठ्ठी भेटली तुमची. भिंतीले रंग द्याचा म्हणते, तं आंधी पांढऱ्या मातीनं पोताराव लागते ना. म्या सकाळी पाचालेच आली. आता जातो कापूस वेचाले."

"पण तिच्यावर..."

"पोट्ट्यायनं गिरगटून ठेवलं होतं. साफ केलं सारं."

कलेसाठी आलेले पैसे दरसाल गॅदरिंगच्या भाड्याच्या कपड्यांत आणि डीजेत जायचे. यंदा मॅडमनी हट्टानं मुकुटबनहून रंगाचे डबे आणले होते, घरोघर चिठ्ठ्या धाडल्या होत्या, की आयांनीही या. वेचणीचे दिवस. आली ही एकटी. हिला आता एक शब्द वाकडा गेला, तर ही पुन्हा या फाटकातून आत यायची नाही, आणि हिच्यामागून दुसरीही कुणी नाही. मॅडमनी ओठ मिटून घेतले.

पोरांनी थोडेच मिटले.

"माहा वाघ कुठं गेला?" नयन रडकुंडीला आली.

"सलोनीच्या मायनं पुसला," इंद्रजित ओरडला. "माहं ट्रॅक्टरबी पुसलं! काहून आली वं तुही माय शाळेत?"

सलोनी सांडपाण्याची नाली ओलांडून हापशीच्या आड जाऊन उभी राहिली.

मैनाबाईच्या हळूहळू ध्यानात आलं. तिनं पोरांच्या तोंडाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, आणि बादली उचलली. "आमच्याकडं पोतारल्याबिगर भिंतीले कोणी बोटबी लावत नाही, मॅडम. मले वाटलं... चुकलं माहं."

"बादली ठेवा, मैनाबाई." मॅडम जवळ आल्या. "आता काय करता येईल, ते तुम्हीच सांगा. मला खरंच ठाऊक नाही."

मैनाबाई थांबली. मग तिनं अंगठा भिंतीवर दाबून पाहिला. घरी भाकरीचं पीठ दाबून पाहावं तसा.

"वली हाये तवरीक होते," ती म्हणाली. "सुकली का मंग दगड." आणि नयनला हाक मारली. "ये वं वाघवाली. बोट टेकव. हां. आता उचलू नको. बोट उचललं का रेघ मरते."

"अन् चुकलं तं?"

"चुकलं तं तिथूनच रस्ता काढाचा. पुसाचं नाही."

नयनचं बोट ओल्या मातीत शिरलं, वळलं, निघालं. तिच्या शेजारी आयुष आला, मग इंद्रजित, मग रांगच लागली. मैनाबाई त्यांच्यामागून फिरत राहिली. ज्याचं बोट अडलं, त्याच्या बोटापुढं तिची चार बोटं फणीसारखी सरकत जायची, आणि त्या पोराला रस्ता सापडायचा.

"पण दिसत तं काहीच नाही," इंद्रजित कुरकुरला.

"तू काढ रे. तोंडानं नको काढू."

खरंच काही दिसत नव्हतं. ओल्यात ओलं. रंगाचे डबे झाकणासकट तसेच पडून होते. मुख्याध्यापक देवराव सर आले, चष्मा वर केला, खाली केला. "मॅडम, हा चिखल हो? त्यापेक्षा आपला डीजे बरा होता."

समोरच्या वर्गाच्या कौलांवरून ऊन उतरायला लागलं. आधी भिंतीच्या माथ्याला लागलं. बोटभर पट्टी वाळली आणि पांढरी झाली. नुसती पांढरी नाही, दुधासारखी. त्या पांढऱ्यात, बोटं जिथून गेली होती तिथं, खालची लाल माती उघडी पडली. डोंगराची ओळ निघाली. ऊन खाली सरकलं. सागाची पानं निघाली, पानांत पाखरं. वाघाचे कान आले, मग पाठ, मग लांबच लांब शेपूट. त्या शेपटीचीच पुढं वाट झाली होती, वाटेवर इंद्रजितचं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या धुराची झाडं. कुठं कुणाचं बोट संपलं आणि कुठं मैनाबाईची चार सुरू झाली, सांगता येत नव्हतं. अख्खं रान एका रेघेनं भिंतीतून वर येत होतं, आणि पोरं आपोआप मातीत बसली होती.

देवराव सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात घेतला. "हे... हे आत्ता आलं?"

मैनाबाईनं ऐकलं नाही. तीही बघत होती. खोचलेला पदर आता तोंडावर, डोळे मोठे.

"घरी दाराच्या मांगं काढतो मी," ती हळूच म्हणाली, कुणाला म्हणून नाही. "तिथं अंधारच असते, माय. म्या कधी पाह्यलंच नाही... असं असते काय हे?"

नीट दिसावं म्हणून ती एक पाऊल मागं झाली. मग आणखी एक. भिंत डोळ्यांत मावेना, तशी ती उलट्या पावलांनी पोरांच्या मधून सरकत राहिली, आणि पोरं बाजूला होऊन तिला वाट देत राहिली.

हापशीच्या आडून सलोनी धावत आली. सगळ्यांच्या देखत तिनं मायचा मातीनं भरलेला हात घट्ट धरला.

"माय, मांगं नाली हाये वं."