चारशे बारा

यादी संपेना.

प्रयोगशाळेतले भिंगवाले काका खुर्चीच्या कडेवर बसून संगणकाच्या पडद्यावरची नावं एकेक करून सरकवत होते. नव्या यंत्रावर काम करणारी मुलगी त्यांच्यामागे हातमोजे काढत उभी होती.

"अजून खाली आहेत, काका. एकूण चारशे बारा जातींचे जिवाणू."

"एका पोटात?"

"नखाएवढ्या नमुन्यात."

काकांनी खिडकीकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षं ते याच खिडकीशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. लोकांच्या शौचाचे नमुने बघता बघता त्यांच्या नाकाने कधीच राजीनामा दिला होता, पण डोळा मात्र तयार होता. काकांनी नाही म्हटलं म्हणजे नाही, असं डॉक्टरमंडळी म्हणत.

या नमुन्याच्या बाईला त्यांनी तीनदा नाही म्हटलं होतं. बाई रोपवाटिकेत कामाला, वय पस्तिशीचं. दोन वर्षं जुलाब, सांधे धरलेले, अंगावरचं मांस झडलेलं. तिन्ही अहवालांवर काकांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती : काही आढळले नाही.

"हा बघा." मुलीने यादीच्या मध्यावर बोट ठेवलं. "हा आपल्या काचेच्या ताटलीत वाढवू म्हटलं तर वाढत नाही. भिंगाखाली ओळखू येत नाही. पण डीएनए कुठे लपवणार? यंत्र तो अक्षर अक्षर वाचतं. जुलाब, सांधे, वजन, सगळं याच्याशी जुळतंय. डॉक्टरीणबाई आतड्याचा छोटा तुकडा तपासून खात्री करणार आहेत. मग वर्षभर गोळ्या."

"आणि हा सापडला नसता तर?"

मुलगी हातमोज्यांची गुंडाळी करत राहिली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लागेल इतके ते पुढे वाकले. बारीकशी एक ओळ. वर दोनशे, खाली दोनशे.

"ती बाहेर बाकावर बसलीये," मुलगी म्हणाली.

काका उठले.

बाई मांडीवर पिशवी घेऊन भिंतीला टेकून बसली होती. काकांना पाहून ती सवयीने कागदासाठी हात पुढे करणार, तोच ते म्हणाले, "सापडलं."

"काय?"

"तुमचं दुखणं. मला दिसलं नाही, बाई. तीनदा बघूनही दिसलं नाही. पण आहे. आणि त्यावर औषधही आहे."

तिचा हात तसाच हवेत राहिला.

"म्हणजे खरंच आहे?" तिने विचारलं. "घरचे म्हणतात मनाचे खेळ. हल्ली मलाच वाटायला लागलं होतं, की मी नाटक करतेय."

"खरंच आहे."

ती रडेल असं काकांना वाटलं. पण ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "दाखवा मला."

पेशंटला आत न्यायची पद्धत नव्हती. काकांनी दार उघडून धरलं.

मुलीने तिला खुर्ची दिली. नावं पडद्यावरून सरकू लागली. बाई पुढे वाकून बघू लागली.

"हे सगळे वाईट?"

"छे हो!" मुलगी म्हणाली. "तो एक सोडला तर बाकीचे बहुतेक घरचेच. तुमचं अन्न पचवतात, परक्यांना पाय रोवू देत नाहीत. यांतल्या काहींची घराणी तर तुम्हाला आईकडून मिळालेली असतील."

बाईने हळूच पोटावर हात ठेवला. दोन वर्षांत ती तिथे हात न्यायची तो कळ दाबायला. आता तिने तो नुसता ठेवला. मग एकाएकी तिला हसू फुटलं.

"सासूबाई सगळ्यांना सांगतात, हिच्या पोटात काही म्हणून राहत नाही!"

"चारशे बारा राहतात," काका म्हणाले.

तिघंही हसली. 

"यांची नावं काय हो?" बाईने विचारलं. देवळात बोलावं इतक्या हळू.

काकांनी दुसरी खुर्ची ओढली. पहिल्या नावावर बोट ठेवून ते वाचायला लागले आणि निम्म्यात अडखळले. तिने पुढे झुकून उरलेली अक्षरं जुळवून पाहिली. तिलाही जमेना.

मग दोघं दुसऱ्या नावाकडे वळली.