बिनपाण्याचं मशीन

डोंगरातली ती लहानशी खाण नवरा-बायको दोघंच चालवायची. तो ड्रिल मशीनने खडकात सुरुंगाची भोकं पाडायचा आणि मशीनच्या नळीत सोडायला ती खालच्या ओढ्यातून पाणी वाहून आणायची. पाण्यामुळे दगडाची धूळ उडत नसे, जागीच बसे. अकराव्या वर्षी तिची कंबर धरली. दुसऱ्याच आठवड्यात तो म्हणाला, "नवीन मशीन आणलंय. त्याला पाणी लागत नाही. तू आता घरीच थांब."

ती चार वर्षं घरी थांबली. तो रोज ओढ्यावर अंघोळ करून, कपडे झटकून घरी यायचा. बिनपाण्याच्या मशीनचं कौतुक तिने शेजारणीपाशी कितीदा तरी केलं होतं.

आज डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीचा एक्स-रे उजेडात धरला. "फुप्फुसात दगडाची धूळ बसलीये. आता ती निघायची नाही. पाण्याशिवाय कुठलंच मशीन चालवायचं नसतं हो. किती वर्षं कोरडं चालवलंत?"

बायकोने झटकन त्याच्याकडे पाहिलं. तो तिची नजर टाळत होता.

"एक दिवससुद्धा नाही," धाप आवरत तो म्हणाला. "ही आणून द्यायची ना पाणी."

"खरं का, बाई?"

तिने नवऱ्याचा खरखरीत हात हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. "रोज आणून द्यायचे."