आमची कामं

“ही तुमीच बनवली ना?”

बुधाजीनं पत्रकावरच्या एका वेबसाइटच्या चित्रावर बोट ठेवलं. निळा समुद्र, पांढरी बोट, वर इंग्रजीत कंपनीचं नाव. पोरांना परदेशी बोटीवर नोकरी लावून देणारी कंपनी.

पत्रक निकेशचंच, त्याच्या वेबसाइट बनवून द्यायच्या दुकानाचं. पत्रकावर ‘आमची कामं’ म्हणून सहा वेबसाइट छापल्या होत्या. त्यातली एकच त्याची, पनवेलातल्या एका फरसाणवाल्याची. बाकीच्या पाच, ही बोटवालीसुद्धा, इंटरनेटवरून उचललेल्या. ही अक्कल छापखान्याच्या कमळाकरची. “गिऱ्हाईक काम बघून येतं बाबा,” तो म्हणाला होता. “आपलं नसेल तर दुसऱ्याचं लाव. मुलगी बघायला जाताना दोस्ताचा शर्ट घालतातच की.”

दोन हजार पत्रकं वाटली, फोन आला तो हा एकच. हे काम हातचं गेलं तर दुकान बंद, आणि निकेश पुन्हा तळोजाच्या केमिकल कंपनीत पाळीवर. तिथून आणलेला खोकला अजून छातीत बसला होता.

“मीच,” तो म्हणाला. “अख्खी.”

गव्हाणचा बुधाजी समोरच्या खुर्चीत ताठ बसला होता. शेजारी त्याची सून प्राची, मांडीवर मोबाइल पालथा ठेवून. खाली रस्त्यावर त्यांचा टेम्पो उभा होता. मागे बायका-पुरुष दाटीवाटीनं बसलेले.

“लग्नाला निघालाय वाटतं, काका?”

“नाय. कामालाच आलोय.”

चहा आला. बुधाजीनं कप बाजूला सरकवला. “आदी काम.” प्राचीनं तर पाण्यालाही हात लावला नाही, आणि बाहेर ऊन मरणाचं. जुन्या वळणाची माणसं, निकेशला वाटलं. ठरल्याशिवाय घेत नसतील.

“बरं, साइट कशाची काढायची?”

“पोरांची.”

प्राचीनं पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला. ठेवताना तिचा अंगठा एका चेहऱ्यावर जरा रेंगाळला. सोळा तरणी पोरं, सगळ्यांचे शर्ट पांढरे, सगळ्यांच्या पायाशी नव्या बॅगा.

“हा फोटू पयला लावायचा,” बुधाजी म्हणाला. “परतेकाचं तोंड नीट दिसाया पायजे.”

सोळा पोरं हाताखाली. म्हणजे धंदा लहान नाही. निकेशच्या तोंडी काकाचा शेट झाला.

“दिसेल की शेट. नाकावरचा तीळ दिसेल.”

“पन खात्री पायजे. हल्ली काय, काम एकाचं नि नाव दुसऱ्याचं.”

“आपल्याकडं तसलं नाय चालत.”

“मंग हिच्यावर लिवलंय ते कोनी लिवलं? पगार किती, बोट कुटं जानार, ते?”

“मीच. त्यांनी नुसतं नाव दिलं. मजकूर, फोटो, सगळं आपलं डोकं.”

“मंजे मालक वलखीचा.”

निकेशला खोकला आला. तो पाणी प्यायला. बुधाजी थांबला होता.

“ओळखीचा काय, घरचा माणूस आहे. पनवेलात आला की इथंच येतो. तुम्ही बसलाय ना शेट, त्याच खुर्चीत.”

प्राची पहिल्यांदा बोलली. “दिसाया कसा हाय, दादा?”

“गोरा. अंगानं भरलेला. गळ्यात चेन. बोलायला एकदम गोड.”

तिनं सासऱ्याकडं बघितलं. सासऱ्यानं मान हलवली.

“त्याचा नंबर भेटंल?” बुधाजीनं विचारलं. “एकदा बोलून घेतलं असतं.”

“नंबर आहे. पण गिऱ्हाइकाचा नंबर मी कुणाला देत नसतो. उद्या तुमचाही देणार नाही. धंद्यात विश्वास हवा.”

“बराबर,” बुधाजी म्हणाला. “विश्वासच पायजे.”

प्राचीनं मोबाइल सुलटा केला, बटण दाबलं. “आलं सगलं हिच्यात, मामा.”

“मग ठरलं ना?” निकेशनं हात पुढं केला.

“ठरलं.”

बुधाजी उठला, पण हात न घेताच खिडकीशी गेला. खाली वाकून त्यानं हाक दिली, “चढा रे वर.”

जिना वाजायला लागला. बरीच पावलं होती. निकेशनं लगबगीनं दोन स्टुलं पुढं ओढली, टेबलावरची पत्रकं नीट लावली.

“सगळी घरचीच का, शेट?”

“त्या फोटूतल्या सोला पोरांचे आयबाप,” बुधाजी म्हणाला. त्यानं दारातून आत येणाऱ्यांना वाट करून दिली. “तुज्या घरच्या मानसानं पोरं बोटीवर नेली, त्याला आठ म्हयनं झालं. पोरं नाय, फोन नाय. पोलिसांना त्याचा मागमूस गावला नाय. आज तू गावलास.”